कालवांचा उपसागर

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या पाकगृहांत कालवांस प्रवेश नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तथापि या मुक्या जीवाचें एक कार्य सर्वांनीं समजून घेण्यासारखें आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नांवाचा विस्तीर्ण उपसागर आहे. त्याची लांबी सुमारें २०० मैल, परंतु सरासरी खोली अवघी २१ फूट. सहा संस्थानांतील सुमारें ६४,००० चौरस मैल प्रदेशाचें पाणी त्यांत उतरतें. तें निर्मळ राखण्याचें काम निसर्गानें कालवांकडे सोंपविलें होतें. पूर्ण वाढलेलें एक कालव दिवसाकाठीं ५० गॅलनपर्यंत पाणी गाळूं शकतें. त्यांतील सूक्ष्म शेवाळ हेंच त्याचें अन्न. कालवें एकमेकांस चिकटून थर चढवितात, आणि त्यांच्या सांदींत लहान मासे व खेकडे आश्रय घेतात.

या संपत्तीवर किनाऱ्यावरील हजारों कुटुंबें पोसलीं. १८८० नंतरच्या दशकांत एकट्या मेरीलँड संस्थानांत एका वर्षीं सुमारें दीड कोटी बुशेल कालवें निघालीं. लोखंडी दंताळीं तळावरून ओढल्यानें थरच्या थर उखडले गेले. पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास रोगांनीं उरलेल्यांवर घाला घातला.

पाणी गाळणारे गेले आणि घाण मात्र वाढली. शेतांतील खत व शहरांचें सांडपाणी यांबरोबर नत्र आणि स्फुरद उपसागरांत येऊं लागलें. त्यावर शेवाळ माजतें. तें कुजलें म्हणजे तळाच्या पाण्यांतील प्राणवायु सरतो. गढूळ पाण्यांतून ऊन पोंचत नाहीं, तेव्हां तळचें गवत मरतें आणि त्यांत वाढणारे खेकडे निराश्रित होतात.

उपसागरास मिळणाऱ्या गोड्या पाण्यापैकीं सुमारें निम्में सस्क्वेहाना नदी आणते. ती ज्या पेन्सिल्व्हेनियांतून वाहते, त्या संस्थानास उपसागराचा तसूभरही किनारा नाहीं. तेथील शेतकरी दुष्ट नव्हे. त्यालाही कुटुंब पोसावयाचें आहे. परंतु त्यानें न पाहिलेल्या धीवराचें पोट त्याच्या खताच्या मापावर अवलंबून असतें, हाच या प्रश्नांतील खरा पेंच होय.

१९८३ सालीं यांपैकीं कांहीं संस्थानांनीं संरक्षणाचा करार केला. १९८५ मध्यें मेरीलँडनें कपडे धुण्याच्या साबणचूर्णांतील स्फुरदास बंदी घातली. २०१० सालीं घाणीची मर्यादा ठरवून २०२५ ची मुदत देण्यांत आली. सांडपाण्याच्या बाबतींत पुष्कळ यश आलें; शेतांचें काम मागें राहिलें, आणि मुदत उलटली. तथापि हॅरिस क्रीक या खाडींत सुमारें ३५० एकरांवर कालवांचे थर पुनः उभारले गेले आहेत, ही आशेची गोष्ट होय.

कायदा आपलें काम करीलच. परंतु साबणाची निवड गृहिणीच्या हातीं व खताचें माप शेतकऱ्याच्या हातीं असतें. मोरींतून गेलेलें पाणी आपल्या दृष्टीआड होतें इतकेंच. कोणाच्या तरी चुलीशीं त्याचा संबंध राहतोच.