सहरीच्या वेळी ऐकू आलेले

गेल्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीच्या पहाटेच्या जेवणाला, भाईजानना उठवायला अम्मी गेली आणि दारातच थबकली. भाईजान उताणे झोपून जोरात घोरत होते. मध्येच आवाज बंद झाला. छाती हलत होती, पण श्वास येत नव्हता. मग गुदमरल्यासारखा मोठा हुंदका आला आणि घोरणे पुन्हा सुरू. ‘देख, इसका दम रुकता है,’ अम्मीने मला बोलावून दाखवले. मी मोबाइलवर वेळ लावली. एकदा १८ सेकंद, एकदा २५. भाभी म्हणाल्या, ‘ये तो रोज का है.’

भाईजान मालाचा टेम्पो चालवतात. दिवसा त्यांच्या डोळ्यांवर झापड असायची. रात्री तरावीहची नमाज, पहाटे सहरी, झोपेचे दोन तुकडे. त्यामुळे ‘रोजा लग रहा है’ म्हणून सगळेच सोडून देत होतो. पण सिग्नलला उभ्या गाडीत त्यांचा डोळा लागला होता तो दिवाळीच्या आधी! तेव्हा कुठे रोजे होते?

या विकाराला स्लीप अॅप्निया म्हणतात. जागेपणी घशाचे स्नायू हवेची वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली झुकतो. वाट अरुंद झाली की तो भाग थरथरतो, तेच घोरणे. वाट पूर्ण मिटली की श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू घाबरून झोपलेल्याला क्षणभर जागा करतो, वाट उघडते. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. आपण रात्रभर झोपलो, तरी अंग का मोडून आले, एवढेच कोडे उरते.

पहाटेच्या सुमारास स्वप्नांची झोप जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सर्वांत ढिले पडतात. त्यामुळे श्वास थांबण्याचे प्रकार त्या वेळी वाढू शकतात. एरवी त्या वेळी अख्खे घर झोपलेले असते. रमजानमध्ये मात्र चूल पेटलेली असते, कोणीतरी ऐकणारे असते.

कारणांत पहिला नंबर वजनाचा. मानेभोवती आणि जिभेत साठलेली चरबी वाट दाबते. पण सडपातळ माणसांनी निर्धास्त राहू नये. हनुवटी मागे गेलेली किंवा जबडा लहान असेल, तर त्यांनाही हा त्रास होतो. मद्य आणि झोपेच्या गोळ्या स्नायू आणखी सैल करतात. थायरॉइड मंदावणे, चोंदलेले नाक, वाढते वय हेही आहेच. लहान मुलांत बहुधा वाढलेले टॉन्सिल कारणीभूत असतात. पाळी थांबल्यावर स्त्रियांतही धोका वाढतो. आपल्याकडे बाईने ‘मी घोरते’ म्हणणे अवघड, म्हणून तो लपून राहतो. एक वेगळा प्रकारही आहे. त्यात वाट मोकळी असते, पण श्वास घेण्याचा मेंदूचा आदेशच सुटत नाही. हृदय कमजोर झालेल्या किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांत तो आढळतो.

प्रत्येक घोरणारा रुग्ण नसतो, हेही सांगितले पाहिजे. तपासणीत रात्रभर श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके नोंदवले जातात. किमान १० सेकंद श्वास थांबणे किंवा फार उथळ होणे, असे प्रकार तासाला ५ हून कमी असतील तर काळजी नाही. ३० च्या वर गेले की आजार तीव्र. भाईजानचे ३८ निघाले. रक्तदाबाची गोळी ते चार वर्षे घेत होते. ती का पुरेशी पडत नव्हती, याचे एक कारण तेव्हा कळले. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही यात वाढतो. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले होते.

सौम्य आजारात वजन उतरवणे आणि कुशीवर झोपणे यांनी बराच फरक पडतो. काहींना खालचा जबडा पुढे धरणारे साधन दंतवैद्य बनवून देतात. तीव्र आजारात सीपॅप यंत्र लागते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मुखवट्यातून हवेचा हलका दाब येतो आणि घसा मिटत नाही, इतके साधे तत्त्व.

साधे, पण सवय होणे कठीण. पहिला आठवडा भाईजान मध्यरात्री मुखवटा काढून फेकायचे. ‘हाथी की सूंड’ म्हणून पोरे हसायची. डॉक्टरांनी मुखवट्याचा आकार बदलून दिला आणि झोप स्थिरावेपर्यंत लांबच्या फेऱ्या बंद ठेवायला सांगितल्या. कमाईला झळ बसली, घरात वादही झाला. महिनाभराने ते पुन्हा गाडीवर बसले.

तुमच्या घरात कोणाचे घोरणे असे तुटत असेल, तर मोबाइलवर दोन मिनिटे टिपून ठेवा आणि कान-नाक-घसा किंवा छातीविकाराच्या डॉक्टरांना ऐकवा. झोपलेला माणूस स्वतः सांगू शकत नाही.

यंदाही भाईजानना अम्मीच उठवते. हाक मारण्याआधी थोडा वेळ दारात उभी राहून ऐकते.