सम्राटांची सुटी नाणी

जुनी नाणी जमविणाऱ्या नवख्या माणसाचे मन प्रथम सोन्याकडे ओढ घेते. परंतु रोमन साम्राज्याचे दैनंदिन जीवन ज्याला जाणून घ्यावयाचे आहे, तो ब्राँझच्या नाण्यांकडे वळतो. सोने धनिकांच्या पेटीत राहिले. ब्राँझ बाजारात हिंडले.

इ. स. पूर्व २३ च्या सुमारास ऑगस्टसने या चलनाची घडी बसविली. तांब्याचे नाणे ‘अस’. दोन असांचा एक दुपोंडियस, चारांचा एक सेस्टर्शियस आणि चार सेस्टर्शियसांचा एक चांदीचा देनारियस. यांपैकी दुपोंडियस व सेस्टर्शियस खरे पाहता पितळेचे. पण संग्राहक सर्वांनाच ब्राँझ म्हणतात. हिंदुस्थानच्या व्यापारापायी दरसाल पाच कोटी सेस्टर्शियस खर्ची पडतात, ही प्लिनीची तक्रार याच मापाने मोजलेली आहे.

सेस्टर्शियस आकाराने मोठा, त्यामुळे कारागिराला हात मोकळा मिळे. एका बाजूस सम्राटाचे मुख, दुसरीवर त्याची कर्तबगारी. व्हेस्पेशियनच्या इ. स. ७१ मधील नाण्यावर खजुरीच्या झाडाखाली शोकमग्न स्त्री बसली आहे: ही जिंकलेली जुडिया. टायटसच्या नाण्यावर प्रेक्षकांनी फुललेले कलोसियम दिसते. वर्तमानपत्रे नसलेल्या काळात राजसत्तेची वार्ता अशी हातोहात पोहोचे.

संग्राहकाची परीक्षा पुढेच असते. शतकानुशतके मातीत राहिल्याने नाण्यावर हिरवे-तपकिरी पूट चढते. चिंच लावून भांड्याप्रमाणे ते उजळणारा माणूस नाण्याचे वय आणि मोल दोन्ही धुऊन टाकतो. मात्र फिकट हिरवी भुकटी दिसली, की तो धातूचा रोग समजावा. अशा नाण्यास दमटपणापासून जपावे लागते. नकलांचेही भय आहेच. सोळाव्या शतकात पादुआच्या काव्हिनोने रोमन धर्तीची पदके इतकी सुबक घडविली, की पुढे भलेभले फसले.

तथापि सर्वांत मोठी हानी निराळीच आहे. तामिळनाडूत व श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकांतील झिजलेली, बारीक रोमन तांब्याची नाणी सापडली आहेत. समुद्रापार चाललेल्या व्यवहाराची ती साक्षीदार. पण सापडल्याचे ठिकाण न नोंदता तेच नाणे विकले गेले, तर सिरियात सापडलेल्या नाण्याहून ते वेगळे कसे ओळखावे? भूमीत सापडलेल्या निधीची वर्दी कलेक्टरास देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले, ते केवळ सरकारी हक्कापुरते समजू नये. नाणे हाती राहते. त्याची साक्ष मात्र एकदा पुसली, की पुन्हा मिळत नाही.