कर्ज न काढता ओलांडलेला डोंगर

सोयाबीनचा व्यापार आपल्या समाजातील अनेक पेढ्यांवर चालतो. त्याच्या कच्च्या पिठाचा उग्र दर्प घरातील भगिनींच्याही परिचयाचा आहे. त्यामागे ‘लायपॉक्सिजनेज’ नावाचे विकर असते. दाणा दळला, की हे विकर तेलातील लिनोलेइक आम्लाच्या रेणूतून हायड्रोजनचा एक अणू काढून घेते. पुढे ऑक्सिजनशी संयोग होऊन दर्प देणारी द्रव्ये तयार होतात. दाणे आधी उकळले, तर विकर निकामी होते.

हा अणू निघणे मात्र सोपे नसते. जुना बंध तुटून नवा जुळण्याच्या मार्गात ऊर्जेचा डोंगर आडवा असतो. पुरेशी ऊर्जा असेल तरच तो चढून पलीकडे जाता येते, असे आपण शाळेत शिकलो. पुंजभौतिकी सांगते, की अतिशय हलका कण डोंगर न चढता त्यातून आरपारही जातो. यालाच ‘क्वांटम टनेलिंग’ म्हणतात.

याचा पुरावा वजनातून मिळाला. अमेरिकेतील जूडिथ क्लिनमन आदी संशोधकांनी साध्या हायड्रोजनच्या जागी सुमारे दुप्पट वजनाचा ड्युटेरियम योजून पाहिला. केवळ चढणीचा प्रश्न असता, तर सामान्य तापमानास क्रियेचा वेग फार तर 7 पटींच्या आसपास मंदावला असता. प्रत्यक्षात तो सुमारे 80 पटींनी मंदावला.

कण निसर्गाकडून क्षणभर ऊर्जा उसनी घेतो आणि पलीकडे पोहोचताच फेडतो, असे स्पष्टीकरण पुष्कळदा वाचावयास मिळते. बँकेत सेवा केल्यामुळे मलाही ते प्रथम फार आवडले होते. परंतु ते यथार्थ नाही. येथे कर्ज कोठेही काढलेले नसते. ऊर्जेचा ताळेबंद प्रारंभापासून अखेरपर्यंत जुळलेलाच असतो.

खरे कारण असे, की कणाला तरंगाचेही स्वरूप आहे. डोंगराच्या पोटात तो तरंग क्षीण होत जातो; पण एकदम नाहीसा होत नाही. डोंगर पातळ असेल, तर त्याचा अल्प अंश पलीकडे उरतो. कण पलीकडे सापडण्याची शक्यता ती तेवढीच. कण जड असेल, तर तरंग अधिक लवकर विरतो. म्हणूनच ड्युटेरियम मागे पडला.

न घेतलेल्या कर्जाची नोंद पेढीच्या वहीत खपवून घेतली जात नाही. सोयीची उपमा सत्याच्या जागी लिहिणे हाही तसाच दोष होय. मुलांना विज्ञान समजावून सांगताना तो आपल्या हातून घडू नये.