चोडणच्या कांदळवनात

जानेवारीत शनिवार-रविवार धरून नणंदेकडे चोडणला गेले होते. चोडण म्हणजे गोव्यात मांडवी नदीतलं बेट. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट जाते. फेरीत पाच जण भेटले, गळ्यात दुर्बिणी, हातात वह्या. मला वाटलं, जमिनीची मोजणी करणारे. त्यांतल्या एक निवृत्त शिक्षिका हसल्या, ‘‘मोजणीवालेच, पण पक्ष्यांचे. येता का वहिनी?’’ धक्क्यावर घ्यायला आलेली नणंद म्हणाली, ‘‘जा गो वहिनी, जेवणाचं मी बघते.’’ मग काय, गेले.

धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली झालेलं, दोन चौरस किलोमीटरांहूनही लहान, सगळं कांदळवन. आत पायवाट आहे.

ही मंडळी ओहोटीची वेळ बघून आली होती. आपण कालवं काढायला सुकती बघतो, तसंच. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, खेकडे, निवट्या खायला पक्षी उतरतात. बाई म्हणाल्या, चोची बघा. आखूड चोचीचा पक्षी वरवरचं टिपतो, लांब वाकड्या चोचीचा खोल बिळातलं ओढून काढतो. म्हणून एवढ्याशा चिखलात इतक्या जणांचं भागतं. शेपटी सारखी वरखाली हलवत एक लहानसा तपकिरी पक्षी फिरत होता. आमच्या खाडीवर तो कितीदा पाहिलाय! त्याला तुतारी म्हणतात आणि तो हिवाळ्यापुरता हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून येतो, हे त्या दिवशी कळलं.

पक्षी ओळखायची त्यांची रीत आपल्याला जमण्यासारखी आहे. आधी आकार ठरवायचा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच, पाय, शेपटी. मग तो कुठे बसलाय, काय करतोय. रंग सगळ्यात शेवटी, कारण उन्हात रंग फसवतो. मोठा थवा असेल तर दहा पक्ष्यांचा एक गठ्ठा नजरेत धरायचा आणि असे किती गठ्ठे होतात ते बघायचं. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव लिहायचं नाही. यावरून दोघांची चांगली पंधरा मिनिटं जुंपली, तीही एका पांढऱ्या बगळ्यावरून! पाय चिखलात रुतलेले, दिसेनात. शेवटी तो उडाला आणि काळ्या पायांना पिवळे पंजे दिसले. म्हणजे लहान बगळा. मगच वहीत गेला. मला तर हसू आवरेना.

या नोंदी ईबर्ड नावाच्या ॲपवर जातात. तिथे जगभरचे लोक लिहितात. एका दिवसाच्या यादीने फारसं कळत नाही. त्याच जागी वर्षानुवर्षं लिहिलं तर कोणता पक्षी कमी होतोय ते दिसतं. उद्या कांदळवन तोडायचा विषय निघाला तर ती वही पुढे ठेवता येते.

चहा पिताना मी आमच्या वाडीतल्या चिंचेचं सांगितलं. तिच्यावर बगळ्यांची घरटी असायची. खाली घाण होते, वास येतो म्हणून ती तोडली. सभेत मीही हात वर केला होता. बाईंनी विचारलं, ‘‘घरटी किती होती? कोणत्या महिन्यात बसायचे? तोडल्यावर गेले कुठे?’’ तीस वर्षं त्या चिंचेखालून पाणी नेलं, मैत्रिणींनो, आणि मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. चहा तसाच गार झाला.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडी आहे, नाव तेच, पण जागा वेगळी. तिथे बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन आणि पक्षी दाखवतात. सगळ्यांना तेवढं जमेलच असं नाही. पण फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात, त्यात अंगणात उभं राहून पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं. गटातल्या एकीकडे ॲप असलं की पुरे.

आमच्या गटाने वही घातली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय : विहिरीजवळ, सकाळी सात ते सव्वासात. साळुंक्या ६, कावळे ११, ढोकरी २. कावळे अकरा की बारा, यावर अजून भांडण चालू आहे.