पेशी भरल्या, तरी फाईल जपा

केजमध्ये पावसाळ्यात कुणाच्या ‘पेशी’, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट, ‘कमी झाल्या’ म्हटलं, की आधी डेंग्यूचंच नाव निघतं. पण लेकराला ताप नाही, ते खेळतंय, आणि अंगावर काळेनिळे डाग, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, तेव्हा तो आयटीपी हा आजार असू शकतो. यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच प्लेटलेट परक्या समजून नष्ट करते. दीड लाखाच्या वर हव्यात त्या लाखाखाली, कधी दहा-वीस हजारांवर येतात. तरीही बहुतेक मुलं काही महिन्यांत बरी होतात, कित्येकदा औषधाविना.

काहींचा आजार 12 महिन्यांपुढे रेंगाळतो. खरी काळजी तिथे. प्लेटलेटवर उलटलेली यंत्रणा पुढे सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांच्यावरही उलटू शकते. तसं झालं, तर त्या आजाराला ल्युपस म्हणतात. किशोरवयीन मुलींना त्याचा धोका अधिक. म्हणून डॉक्टर एएनए ही रक्ततपासणी सांगतात. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस झालाच, असं मुळीच नाही. मात्र नियमित तपासणी सोडायची नाही. सांधेदुखी, गालांवर लाल चट्टा, चेहऱ्यावर सूज किंवा कावीळ दिसली, तर लगेच दाखवावं.

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. पण ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलांच्या तपासण्या मध्येच तुटतात. फडावर जाताना लेकराची फाईल सोबत न्या, आणि तिथल्या डॉक्टरांना ती आधी दाखवा.