भोंगा वाजेपर्यंत वेग मोजून झालेला असतो

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. ती ओलांडणाऱ्यांच्या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘डॅशबोर्डवर डिटेक्टर लाव, पोलीस लांबूनच कळतात.’ हा सल्ला अगदीच खोटा नाही, पण तो रडारच्या काळातला आहे आणि लेझरला लागू पडत नाही.

रडार गन रेडिओ लहरी सोडते. त्यांचा झोत जितका लांब जातो तितका पसरतो, पुढच्या गाड्यांवर आणि फलकांवर आपटून इकडेतिकडे उधळतो. गन दुसऱ्याच गाडीवर रोखलेली असली, तरी मागून येणाऱ्या गाडीतल्या डिटेक्टरला तिची चाहूल लागते ती त्यामुळे.

लेझर गनची तऱ्हा वेगळी. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतून ती नेमक्या एका गाडीवर रोखली जाते. तिचा अवरक्त प्रकाश, तरंगलांबी साधारण ९०५ नॅनोमीटर, डोळ्यांना दिसत नाही. ३०० मीटरवरच्या गाडीपर्यंत जाऊन परत यायला या प्रकाशाच्या एका स्पंदाला २ मायक्रोसेकंद लागतात. त्यावरून अंतर कळतं. असे शेकडो स्पंद एकापाठोपाठ सोडले, की अंतर किती झपाट्यानं घटतंय ते कळतं, आणि तोच गाडीचा वेग. या सगळ्याला सेकंदाचा एक तृतीयांश भाग पुरतो. तेवढ्यात ताशी १०० किलोमीटरनं धावणारी गाडी जेमतेम ९ मीटर पुढे सरकते.

शिवाय ३०० मीटरवर हा झोत फार तर मीटरभर रुंद असतो. म्हणजे डिटेक्टर वाजतो तो बहुतेक वेळा झोत तुमच्याच गाडीवर पडल्यावर. इशारा ऐकून पाय ब्रेकवर जायला माणसाला सेकंदभर तरी लागतोच, आणि तोवर गनच्या पडद्यावर आकडा उमटलेला असतो. पुढच्या गाडीवरून विखुरलेला एखादा किरण आधी सापडतोही, पण तो निव्वळ योगायोग. त्या भरवशावर हजारो रुपयांचं यंत्र विकत घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

‘गाडी काळी असली की लेझर परतत नाही’ आणि ‘आरशाला सीडी टांगली की गन गोंधळते’ ही आणखी दोन लाडकी समीकरणं. काळा रंग थोडा अवरक्त प्रकाश शोषतो, इतपत खरं. पण पोलीस नेम धरतात तो नंबरप्लेटवर किंवा हेडलाइटवर. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा पाटी तर पडलेला प्रकाश आल्या दिशेनंच परत पाठवते. सीडीबद्दल काय बोलावं, तिच्याकडे कुणी नेमच धरत नाही.

मोबाइलमधले नकाशे कॅमेऱ्याचा इशारा देतात, म्हणून त्यांना लेझर ‘कळतं’ असंही काहींना वाटतं. त्यांच्याकडे स्थिर कॅमेऱ्यांच्या ठिकाणांची यादी असते आणि इतर चालकांनी कळवलेली माहिती असते, एवढंच.

जॅमरचं काय? तो निव्वळ थाप नव्हे. गनचे स्पंद ओळखून त्याच तरंगलांबीचे स्पंद उलट सोडायचे, म्हणजे गनला अंतराचा मेळ लागत नाही, हे तत्त्व चालतं. पण नव्या गन स्पंदांचा ताल बदलतात आणि अडथळा आल्याचं पडद्यावर दाखवतातही. भरधाव गाडीचा आकडाच येत नाही, हे पोलिसाच्या नजरेतून सुटायचं कसं? ब्रिटनमधल्या एका चालकानं जॅमर लावून कॅमेरा व्हॅनसमोरून जाताना मधलं बोट दाखवण्याचीही हौस भागवली. पोलिसांनी संपर्क साधल्यावर त्यानं यंत्र नदीत फेकलं. २०१८ साली न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल त्याला आठ महिन्यांचा तुरुंगवास झाला. नुसत्या वेगासाठी दंडावर सुटला असता. अमेरिकेत रडार जॅमरला देशभर बंदी आहे. लेझर हा रेडिओ लहरींत मोडत नसल्यानं तो त्या कायद्यातून निसटतो, म्हणून कॅलिफोर्निया, टेक्सस यांसारख्या राज्यांनी लेझर जॅमरवर वेगळी बंदी घातली.

आता उलट बाजूचा गैरसमज : लेझर गन चुकतच नाही. चुकते. मोजणी चालू असताना हात हलून झोत गाडीच्या लांबट अंगावरून घसरला, तर अंतर खोटंच बदलतं आणि वेगाचा आकडा बिघडतो. चांगल्या गन अशी विसंगत मोजमापं टाकून देतात, तरी नेम धरणाऱ्याचं प्रशिक्षण लागतंच. रस्त्याच्या कडेला तिरकं उभं राहून मोजलं तर मात्र आकडा कमी येतो, वाढत नाही. १० अंशांच्या कोनातून १०० चा वेग ९८.५ दिसतो, म्हणजे फायदा चालकाचाच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनाला अतिवेगासाठी १,००० ते २,००० रुपये दंड आहे. चलान चुकीचं वाटत असेल तर विचारण्याजोगा प्रश्न गनच्या कागदपत्रांचा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १६७-अ नुसार स्पीड गनसारख्या साधनांना मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. मोजणीच्या दिवशी ते चालू होतं का, हे विचारायला कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.