अँटी-डंपिंग व प्रतिपूरक शुल्कांची वसुली

अँटी-डंपिंग शुल्क सामान्य मूल्यापेक्षा कमी किमतीत निर्यात झालेल्या मालावर, तर प्रतिपूरक शुल्क सरकारी अनुदान मिळालेल्या मालावर लावले जाते. देशी उद्योगाला हानी पोहोचणे ही दोन्हींची अट आहे. आयातदाराचे अंतिम देणे केव्हा ठरते, यानुसार वसुलीच्या दोन पद्धती मानल्या जातात.

भविष्यलक्षी पद्धत

ही पद्धत भारत व युरोपीय संघात वापरली जाते. चौकशीत ठरलेला दर पुढील आयातीला लागू होतो आणि आयातीच्या वेळी भरलेले शुल्क सामान्यतः अंतिम असते. जादा वसुली झाल्यास आयातदार परतावा मागू शकतो.

पूर्वलक्षी पद्धत

अमेरिकेत आयातदार प्रथम अंदाजित शुल्काची रोख अनामत भरतो. मागणी आल्यास वाणिज्य विभाग वार्षिक आढाव्यात अंतिम दर ठरवतो व फरकाची रक्कम व्याजासह वसूल किंवा परत केली जाते. उदाहरणार्थ, १०० डॉलरच्या मालावर १० टक्के अनामत भरली आणि अंतिम दर २५ टक्के ठरला, तर आणखी १५ डॉलर व त्यावरील व्याज द्यावे लागते. आढाव्याची मागणी न झाल्यास अनामतीचा दरच अंतिम ठरतो.

तुलना

पूर्वलक्षी पद्धतीत शुल्क त्या काळातील प्रत्यक्ष डंपिंगशी किंवा अनुदानाशी अधिक जुळते. मात्र माल विकून झाल्यावर देणे वाढू शकते आणि तोवर आयातदार कंपनी बंद पडल्यास रक्कम बुडते. भविष्यलक्षी पद्धतीत खर्च आधीच कळतो, परंतु दर जुन्या माहितीवर आधारलेला राहतो. जागतिक व्यापार संघटनेच्या अँटी-डंपिंग कराराच्या अनुच्छेद ९.३ नुसार दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत. शुल्क डंपिंगच्या फरकापेक्षा जास्त नसावे, हे बंधन दोन्हींना लागू आहे.